मूळ धरल्यानंतर

पावसाळा हा मोठा उदार ऋतू आहे. श्रावणसरी झडत असताना जास्वंदीची बोटभर जाडीची फांदी ओल्या मातीत कोणीही खोचावी आणि महिन्याभराने तिला पालवी फुटलेली पाहावी. हवेत ओलावा असतो, माती मऊ झालेली असते, ऊन ढगांआडून गाळून यावे तसे सौम्य येते. अशा दिवसांत फांदी जगली, याचे श्रेय माणसाने घेणे फारसे न्याय्य नव्हे; ते मेघांच्या पदरात घातलेले बरे. माणसाची परीक्षा पुढे होते. दिवाळीच्या पणत्या विझतात, उत्तरेकडून कोरडा वारा वाहू लागतो, पहाटे गवताच्या पात्यांवर दव जमते आणि श्रावणात लावलेल्या रोपांच्या रांगेत एकेक पान पिवळे पडू लागते. मूळ धरणे निराळे आणि जीव धरणे निराळे, हे तेव्हा कळते.

नवे झाड तयार करण्याच्या रीती अनेक आहेत. बी पेरता येते, गुटी बांधता येते, डोळा भरता येतो, किंवा नुसती फांदी छाटून ती मातीत लावता येते. मातीत लावलेल्या या तुकड्याला माळी ‘छाट’ म्हणतात. सर्व रीतींत ही सोपी दिसते. पण थोडा विचार केला, तर हिच्याएवढे नवल दुसऱ्या कशात नाही. बियांतून उगवलेले रोप हे अपत्य होय. त्याच्या अंगी दोन झाडांचे गुण मिसळून उतरतात आणि ते कसे निघेल, हे फूल येईपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. छाटापासून वाढलेले झाड मात्र मूळ झाडाचेच अंग असते. तोच रंग, तोच गंध, तीच पाकळ्यांची ठेवण. परसातल्या तांबड्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही. तरीही कितीतरी पिढ्या ती गणपतीच्या पूजेला फुले देत आली आहे. एका हाताने फांदी द्यावी आणि दुसऱ्या हाताने ती लावावी, एवढ्या एका व्यवहारावर तिचा वंश चालला आहे.

सासरी निघालेली मुलगी माहेरच्या परसातल्या जास्वंदीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेते, तेव्हा ती माहेरच्या झाडाचाच एक भाग बरोबर नेत असते. काळाच्या ओघात ते घर पडते, परसाची वाटणी होते, जुने झाड वठून जाते. अशा वेळी सासरच्या अंगणातली ती कुंडी हेच त्या झाडाचे एकमेव ठिकाण उरते. तीही एखाद्या पौषात सुकली, तर बाजारातून दुसरी जास्वंद आणता येईल. ती जास्वंद पुन्हा आणता येणार नाही. छाटाच्या पहिल्या हिवाळ्याला एवढे महत्त्व द्यायचे, ते यासाठी.

फांदी झाडावरून कापली, की तिचा पाणीपुरवठा तुटतो. पानांतून मात्र पाणी उडतच राहते. म्हणून शहाणा माळी छाटावरची बरीचशी पाने काढून टाकतो आणि वरची एक-दोन तेवढी ठेवतो. मातीतल्या कापलेल्या टोकाशी हळूहळू जखम भरून येते आणि तेथून किंवा जवळच्या पेरातून दोऱ्यासारखी बारीक पांढरी मुळे बाहेर पडतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना आगंतुक मुळे म्हणतात. बियांतून वाढणाऱ्या रोपाला बहुधा सोटमूळ असते आणि ते सरळ खाली घुसून खोलवरचा ओलावा शोधते. छाटाच्या नशिबी ते नाही. त्याची मुळे नाजूक असतात आणि वरच्या थरातच पसरतात. त्यातच, फांदीत साठवलेले बहुतेक अन्न ही मुळे फोडण्यातच खर्ची पडलेले असते. एखादे कुटुंब नव्या गावी यावे, घर बांधण्यात सारी पुंजी संपावी आणि कणगीत धान्य भरण्यापूर्वीच दुष्काळ पडावा, तशी मूळ धरलेल्या छाटाची हिवाळ्याच्या तोंडी अवस्था असते. युरोपातील माळ्यांना हा अनुभव व्हायबर्नम, मॅग्नोलिया अशा झुडपांच्या बाबतीत नेहमी येतो. छाटाला उत्तम मुळे फुटतात, पण थंडीपूर्वी नवी वाढ होऊन पुरेसा अन्नसाठा झाला नाही, तर वसंतात त्याचे डोळे उघडतच नाहीत.

थंडी या दुबळ्या रोपावर कशी चालून येते, हे पाहण्यासारखे आहे. माती गार झाली, की मुळांची पाणी शोषण्याची शक्ती मंदावते. त्याच वेळी कोरडी हवा पानांतून पाणी ओढून घेत असते. त्यामुळे माती ओली असूनही पाने मलूल होतात. निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाते आणि जमिनीलगतची हवा सर्वांत गार होते. झाडाखाली किंवा वळचणीला मात्र तितकी थंडी नसते, कारण वरचे छत ती उष्णता काही अंशी अडवून धरते. उघड्या अंगणातले गवत दवाने चिंब झालेले असते आणि आंब्याखालचे जवळजवळ कोरडे राहते, हे पहाटे उठणाऱ्या मुलांनी पुष्कळदा पाहिले असेल. कुंडीतल्या रोपाची स्थिती तर आणखी बिकट. जमिनीतल्या मुळांना चहूबाजूंनी मातीचे पांघरूण असते. कुंडीला गार वारा सर्व अंगांनी लागतो.

महाराष्ट्राची थंडी सौम्य समजली जाते आणि कोकणपट्टीपुरते ते खरेही आहे. परंतु नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात हिवाळ्यात कधीकधी पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. तेथील द्राक्षबागाइतदार अशा पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात आणि वेलींना पाणी देतात, कारण ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अधिक उष्णता धरून ठेवते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी तर एखाद्या कडाक्याच्या पहाटे दवाचे थेंब गोठून पांढरे होतात. जेथे मोठ्या वेलींची एवढी चिंता करावी लागते, तेथे चार पानांच्या छाटाची काय कथा!

तथापि, आपल्याकडे हिवाळ्यात मरणाऱ्या छाटांपैकी पुष्कळसे थंडीने मरत नाहीत, मायेने मरतात. पाने मलूल झालेली दिसली, की लावणाऱ्याचा जीव कळवळतो. रोप तहानले आहे असे समजून तो झारी उचलतो. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, शाळेतून आल्यावर पुन्हा थोडे पाणी! मुळे तर गारठ्याने मंदावलेली. ती एवढे पाणी पिणार कशी? माती चिकट होते, तिच्यातील हवा निघून जाते आणि श्वास कोंडलेली मुळे काळी पडून कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून पाने अधिकच मलूल होतात. आणि पाने अधिक मलूल झाली, म्हणून झारी पुन्हा उचलली जाते. ‘अति तेथे माती’ ही म्हण या प्रसंगी अक्षरशः खरी ठरते. उपाय साधा आहे. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली, तर झारी खाली ठेवावी. कोरडे लागले, तर ऊन वर आल्यावर बेताचे पाणी द्यावे, म्हणजे रात्र पडण्यापूर्वी जादा ओल निघून जाते. संध्याकाळचे पाणी उन्हाळ्यात अमृत असते. पौषात ते टाळलेलेच बरे.

जाणत्या माळ्याचे काम हिवाळ्यात पाहावे. त्याच्या कामात विशेष असे काही दिसतच नाही. कार्तिक सरत आला, की तो मूळ धरलेल्या छाटांच्या कुंड्या उचलून घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी आणतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तेथे दिवसभर ऊन मिळते आणि पाठीशी घर असल्याने उत्तरेचा वारा अडतो. दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब परत देते, हा आणखी एक लाभ. कुंड्या तो एकमेकींना खेटून मांडतो. जमल्यास काठापर्यंत मातीत पुरतो. मातीवर वाळलेल्या पाल्याचा पातळ थर पसरतो, पण तो खोडाला भिडू देत नाही. कडाक्याची रात्र दिसली, तर चार काठ्या रोवून वर गोणपाट टाकतो आणि सकाळी ऊन येताच ते काढून घेतो. कारण पांघरुणाखाली अंधारात ठेवलेले रोप उपाशी राहते.

जे तो करतो, त्याहून जे तो करत नाही, ते अधिक शिकण्यासारखे आहे. तो या दिवसांत खत घालत नाही. खताने कोवळी पालवी फुटेल आणि थंडी प्रथम तिलाच जाळील, हे त्याला ठाऊक असते. तो रोप मोठ्या कुंडीत हलवत नाही. दुखावलेले मूळ भरून येण्याचे हे दिवस नव्हेत. मुळे वाढली की नाही, हे पाहण्यासाठी तो छाट उपटत नाही. हा मोह मुलांना फार होतो. आज मूळ किती झाले, उद्या किती झाले, हे पाहता पाहता रोपाची सारी मुळे तुटतात आणि उत्सुकतेपोटी एक जीव जातो. एखाद्या छाटाला अवेळी कळी आली, तर मात्र माळी पुढे होऊन ती खुडून टाकतो. लहान मुलांना हे क्रूरपणाचे वाटते. पण चार पानांच्या रोपाने फुलावर आपली शिल्लक उधळावी आणि माघात उपाशी मरावे, त्यापेक्षा एक कळी गेलेली बरी. ती खुडताना त्या माळ्यालाही आनंद होत नसतो.

थंडी एकच असली, तरी सर्व झुडपे तिला सारखीच सामोरी जात नाहीत. गुलाबाला दख्खनच्या पठारावरचा हिवाळा मानवतो. त्याला भरपूर ऊन मिळाले, की तो प्रसन्न असतो. मोगरा थंडीत जणू झोपी जातो. त्याची वाढ थांबते, पाने निस्तेज होतात. अशा वेळी त्याला खतपाणी घालून जागे करण्यात अर्थ नसतो. जास्वंद मात्र उबेची लेक. तिला सर्वांत आधी आडोसा द्यावा लागतो. एकाच रांगेत तीन कुंड्या ठेवून तिघींना सारखेच पाणी घालणारा मनुष्य स्वतःला समदृष्टी म्हणवून घेईल, पण तिघींपैकी एकीचाही तो जाणता नव्हे.

थंड प्रदेशांत ही विद्या आणखी निराळी होते. तेथील पानझडी झुडपांना थंडी हवीच असते. ठरावीक काळ गारठ्यात काढल्यावाचून त्यांचे डोळे वसंतात नीट फुटत नाहीत. म्हणून त्यांचे छाट काचेच्या झाकणाच्या उथळ पेटीत, घराबाहेरच ठेवतात. बर्फाचा जाड थर त्यांच्यावर पडला, तर माळी सुखावतो. कारण ते पांघरूण त्यांना वरच्या जीवघेण्या वाऱ्यापासून वाचवते. त्याला भीती असते ती दुसऱ्याच गोष्टीची. मातीतले पाणी गोठले, की ते फुगते आणि लहान रोपाला मुळांसकट वर उचलते. बर्फ वितळला, की रोप उघडे पडते. थंडी सरताना तेथील माळी वाफ्यांतून हिंडत अशी उचकटलेली रोपे पुन्हा दाबून बसवत असतो.

एका छाटाच्या जगण्यावर कधीकधी किती अवलंबून असते, हे एका दूरच्या बेटाच्या कथेवरून समजेल. हिंदी महासागरात मॉरिशसच्या पूर्वेस ५५० किलोमीटरांहून अधिक अंतरावर रॉड्रिग्ज नावाचे लहानसे बेट आहे. तेथे कॉफीच्या कुळातले, पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचे एक झुडूप होते. तेथील लोक त्याला ‘कॅफे मारों’ म्हणत. जगात ते अन्यत्र कोठेही नव्हते. माणसांनी बेटावरची जंगले तोडली, त्यांनी आणलेल्या शेळ्यांनी उरलेला पाला खाल्ला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास हे झुडूप जगातून नाहीसे झाले, असे विद्वानांनी मानले. पुढे १९८० साली बेटावरच्या एका शिक्षकांनी आपल्या वर्गाला परिसरातील दुर्मीळ वनस्पती शोधण्यास सांगितले. एक विद्यार्थी एका झुडपाची डहाळी घेऊन आला. तज्ज्ञांनी ती तपासली, तेव्हा नाहीसे झालेले ते झुडूप हेच, असे ठरले. रस्त्याच्या कडेला उभे असलेले ते एकच एक झाड त्या जातीचे शेवटचे होते.

वार्ता पसरली आणि झाडावर नवे संकट आले. त्याच्या औषधी गुणांवर लोकांची श्रद्धा होती; ते त्याच्या फांद्या तोडून नेऊ लागले. कुंपण घालावे लागले आणि त्या कुंपणाबाहेर आणखी कुंपणे घालावी लागली. अखेर १९८६ साली त्याचे काही छाट विमानाने लंडनजवळच्या क्यू येथील सुप्रसिद्ध वनस्पतिउद्यानात पाठवण्यात आले. त्यांपैकी एकाच छाटाने मूळ धरले. उष्ण कटिबंधातील बेटावरचा तो जीव अशा देशात येऊन पडला, जेथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि सूर्य आठवडेच्या आठवडे ढगांआड राहतो. उबदार काचगृहात माळ्यांनी त्याला जपले. १९८७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या दक्षिण भागात प्रचंड वादळ झाले आणि क्यूच्या उद्यानातले सुमारे ७०० वृक्ष उन्मळून पडले. तो लहानसा छाट मात्र वाचला. पुढे त्याच्यापासून आणखी रोपे तयार झाली. त्यांना फुले येत, पण बी काही केल्या धरत नसे. आपल्या जास्वंदीप्रमाणेच त्याही झुडपाचे भवितव्य छाटांवरच येऊन ठेपले होते. अखेर २००३ साली क्यू येथील उद्यानतज्ज्ञ कार्लोस मॅग्दालेना यांनी फुलातील कुक्षीचा वरचा भाग कापून तेथे पराग ठेवण्याची युक्ती योजली आणि फळ धरले. बिया मिळाल्या, त्या पुढे रॉड्रिग्जला गेल्या आणि नाहीसे झालेले झुडूप आपल्या मातीत पुन्हा उगवू लागले.

छाट क्यूला आल्यापासून फळ धरेपर्यंत सतरा हिवाळे लोटले होते. फळाची बातमी झाली. पण त्या सतरा हिवाळ्यांत दररोज काचगृहाचे दार लावणारे, मातीत बोट घालून ओल पाहणारे आणि झारी उचलायची की नाही याचा मुकाट्याने निर्णय करणारे हात किती असतील! त्यांच्यापैकी एकानेही एखाद्या रात्री आळस केला असता, तर युक्ती योजण्यासाठी फूलच उरले नसते.

आपल्याकडचा हिवाळा इतका दीर्घ नसतो. पण माघात त्याचाही एक अवघड दिवस येतो. छाटावरचे शेवटचे पान गळते आणि कुंडीत एक उघडी काडी तेवढी उभी राहते. पुष्कळ रोपे याच दिवशी उकिरड्यावर जातात. घाई न करणारा मनुष्य मात्र जवळ बसून काडीची साल नखाने किंचित खरवडतो. आत तपकिरी आणि कोरडे दिसले, तर त्या भागात प्राण नाही. मग तो आणखी खाली, मातीजवळ खरवडून पाहतो. तेथे ओलसर हिरवी रेघ दिसली, की त्याचे काम ठरते. ते काम म्हणजे थांबणे. कुंडी होती तेथेच ठेवायची, ओल बेताची राखायची आणि दिवस मोठा होण्याची वाट पाहायची.

होळीच्या सुमारास वारा फिरतो. दुपारच्या उन्हाने कुंडीची माती ऊबदार होते, मुळे पुन्हा पाणी ओढू लागतात आणि एखाद्या सकाळी त्या उघड्या काडीवरचा एक डोळा मोहरीच्या दाण्याएवढा फुगलेला दिसतो. चार दिवसांनी तेथे तांबूस हिरवे टोक बाहेर येते. आता पाणी थोडे वाढवावे, महिन्याभराने रोप मोठ्या कुंडीत हलवावे, पावसाळ्यात अंगणात लावावे. पुढच्या श्रावणात त्याच झाडाची फांदी मागायला शेजारची मुले येतील. त्यांना फांदी द्यावी. आणि ती देतानाच, दिवाळीनंतर झारी जपून उचला, हेही सांगावे.